आधी उतार, मग चढ : रेडवुडमधल्या समुद्रवाटेबद्दल वाचकांचे प्रश्न

मे-जूनमध्ये मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या बडोदेकरांची पत्रे या सदराकडे दरवर्षी येतात. एरवी ती विमा आणि सामान यांबद्दल असतात. या वेळी मात्र बऱ्याच जणांनी कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रेडवुड या प्रचंड उंच झाडांच्या जंगलातून समुद्रापर्यंत उतरणाऱ्या पायवाटांबद्दल विचारले आहे, त्यातही डॅम्नेशन क्रीकच्या वाटेबद्दल. पत्रे लांब होती, ती कापून घेतली आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला असतो. जूनमध्ये आम्हा दोघांना डॅम्नेशन क्रीकला न्यायचे म्हणतो. जाऊन-येऊन साडेपाच किलोमीटर आहे असे त्याने सांगितले. एवढे तर आम्ही कमाटीबागेत रोज सकाळी चालतो. मी ६३ वर्षांची, हे ६७. मग वेगळी तयारी ती काय करायची? — सु. म., दांडिया बाजार

अंतराचा आकडा बरोबर आहे, पण फसवा आहे. ही वाट क्रेसेंट सिटीच्या दक्षिणेला, हायवे १०१ च्या कडेला, सोळाव्या मैलाच्या खुणेजवळ सुरू होते. आधी ती थोडी चढते, मग साधारण एक किलोमीटरवर एका रुंद, जुन्या, वाहने बंद झालेल्या रस्त्याला छेदते. हा पूर्वीचा हायवे, आता तो किनारी पदपथाचा भाग आहे. त्यापुढे वाट नागमोडी वळणे घेत थेट समुद्राकडे कोसळते. एकूण उतार ११०० फूट, म्हणजे ३३५ मीटरच्या आसपास. सरासरी काढली तर १०० मीटरला १२ मीटर. पण वरचा भाग सौम्य असल्याने खालच्या भागात उतार त्याहून बराच तीव्र लागतो.

खरी गोम क्रमात आहे. आपल्या बडोद्याजवळच्या पावागडावर आधी चढायचे असते. दम लागला की माणूस आपोआप थांबतो, फार झाले तर परत फिरतो आणि परतीची वाट उताराची असते. समुद्रवाटेवर हे उलटे होते. उतरताना श्वास लागत नाही, थंड हवा असते, झाडे बघत माणूस खाली जातो, आणि शरीर थकल्याची खूण पटते तेव्हा सगळा चढ पुढे उभा असतो. म्हणून इथे ‘दमलो की फिरू’ हा नियम चालत नाही. फिरायचे कुठे, ते वरच ठरवून निघावे लागते.

वेळेचा हिशेब असा. पदभ्रमणातला जुना ठोकताळा आहे : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. परतीचे अंतर पावणेतीन किलोमीटर आणि चढ ३३५ मीटर धरला तर सराव असलेल्या माणसाला वर यायला ७० मिनिटे लागतील. तुमच्या वयाला आणि सपाटीच्या सवयीला याची दुप्पट धरा, म्हणजे अडीच तास. उतरायला दीड तास, खाली अर्धा-पाऊण तास. सगळे मिळून पाच तासांचे काम आहे. कमाटीबागेतला तासाभराचा फेरा नव्हे.

चढताना वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य न तोडता बोलता येईल. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. ५०-६० पावले टाकून वीस सेकंद उभ्यानेच थांबणे हे दहा मिनिटे चालून पाच मिनिटे बसण्यापेक्षा चांगले. बसले की पाय गार पडतात आणि उठताना गुडघे बोलतात.

एक गोष्ट माहीत असली तर निर्णय सोपा होतो. रेडवुडला खारा वारा सोसत नाही. त्यामुळे प्रचंड, जुनी झाडे आहेत ती वाटेच्या वरच्या भागात. खाली समुद्र जवळ आला की त्यांची जागा सिटका स्प्रूस हे दुसरे सूचिपर्णी झाड घेते. म्हणजे ज्यांना केवळ रेडवुड बघायचे आहेत त्यांनी जुन्या रस्त्यापर्यंत जाऊन, तिथे हवे तेवढे सपाटीवर फिरून परत यावे. काहीही हुकत नाही. तुमच्या दोघांपैकी एकाला जरी गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आमचा सल्ला हाच. मुलगा आणि सून खाली जाऊन येतील. तुम्ही वर थांबा, थांबण्याची जागा आणि वेळ मात्र पक्की करून ठेवा.

बडोदे ताटासारखे सपाट. उताराचा सराव करायचा कुठे आणि किती? माझ्याकडे सात आठवडे आहेत. — प्र. जो., मांजलपूर

सात आठवडे पुरेसे आहेत, पण ते चालण्यात घालवू नका. सपाटीवर कितीही चाललात तरी उतारासाठी लागणारे काम मांडीच्या स्नायूंना मिळत नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो. त्याला सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय असे धरतात की खुर्चीवर बसणे अवघड. चांगली बाब म्हणजे असा एक-दोनदा त्रास झाला की पुढचे काही आठवडे तोच उतार त्याच स्नायूंना फारसा दुखत नाही. म्हणून तो त्रास बडोद्यात काढून घ्यायचा, तिथे नाही.

सोसायटीचा जिना वापरा. एक मजला तीन मीटरचा धरला तर ३३५ मीटर म्हणजे सुमारे ११० मजले. तेवढे एका दमात करायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात एका दिवशी १० मजले चढ-उतार, आठवड्यातून तीनदा. दर आठवड्याला ६-८ मजले वाढवत सहाव्या आठवड्यात ५० पर्यंत न्या. उतरताना लिफ्ट घेऊ नका. उतरण्यासाठीच तर जिना आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर ३ किलो, पाचव्यापासून ५ किलो. पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या की वजन मोजायला नको.

घरी आणखी एक व्यायाम. १५ सेंटिमीटर उंच, पक्क्या पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू, मनात तीन आकडे मोजत, खाली जमिनीला टेकवा आणि वर या. दहादा एका पायाने, दहादा दुसऱ्या, असे तीन फेरे. गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. आत वळत असेल तर पायरी १० सेंटिमीटरची करा.

चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात पावागड. लोक पायऱ्यांनी चढून रोपवेने उतरतात. तुम्ही पहिल्या खेपेला उलटे करा, रोपवेने वर जाऊन माचीपर्यंत पायऱ्यांनी उतरा. दुसऱ्या खेपेला आधी उतरा आणि लगेच परत चढा, म्हणजे तिथला क्रम अंगवळणी पडेल. रविवार आणि नवरात्र टाळा, गर्दीत स्वतःच्या चालीने उतरताच येत नाही. सातव्या आठवड्यात फक्त हलके चालणे. प्रवासाच्या आदल्या दिवशी जिना नको.

ह्यांचे ट्रेकिंगचे बूट कपाटात पाच वर्षे पडून आहेत, अगदी नव्यासारखे. तेच न्यावेत की नवे घ्यावेत? आणि काठ्या खरेच लागतात का, की नुसता दिखावा? — वि. दे., कारेलीबाग, असाच प्रश्न अ. शि., निझामपुरा

नव्यासारखे दिसणारे जुने बूट हे सर्वांत धोक्याचे. अनेक बुटांच्या तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट आणि गरम हवेत तो थर वापर नसला तरी आतून विरघळत जातो. बडोद्याच्या चार-पाच पावसाळ्यांनंतर त्याचा भुगा झालेला असू शकतो, आणि हे कळते ते वाटेवर, तळवा जबड्यासारखा उघडल्यावर. घरीच तपासा : बूट घालून जिन्याचे २० मजले करा, तळव्याची कड अंगठ्याने जोरात दाबा, बारीक भेगा किंवा चिकटपणा दिसतो का पाहा. शंका आली तर मोडीत काढा. वाटेत तळवा सुटलाच तर बुटाच्या पुढच्या भागाभोवती चिकटपट्टी किंवा नाडी आडवी गुंडाळून वर येता येते. त्यासाठी दोन मीटर लांबीची रुंद चिकटपट्टी पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा.

नवे घेताना संध्याकाळी जा, पाय तेव्हा किंचित सुजलेले असतात. जे मोजे घालणार तेच घालून बघा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट जायला हवे. उतारावर पाय पुढे घसरतो आणि बोटे टोकावर आदळतात; नखे काळी पडतात ती यामुळे. मापाइतकाच नाडी बांधण्याचाही यात वाटा आहे. वरच्या दोन भोकांमध्ये प्रत्येक बाजूला छोटा फास ठेवा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओवा, मग ओढून गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते. उतरण्यापूर्वी नाड्या घट्ट, चढताना पावलाच्या वर थोड्या सैल. नखे प्रवासाच्या तीन दिवस आधी कापा. आदल्या दिवशी कापली तर कडा बोचतात. नवे बूट किमान ४० किलोमीटर चालून झाल्याशिवाय या वाटेवर नेऊ नका.

काठ्या दिखावा नाहीत. दोन घ्या, एक नको. एकीने कंबर एका बाजूला झुकते. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी. उतरताना त्यात ५ ते १० सेंटिमीटर वाढवा, चढताना तेवढीच कमी करा. मनगटाचा पट्टा घालताना हात खालून वर घालून मग पट्ट्यासकट मूठ धरायची. भार पट्ट्यावर जातो, बोटे आवळावी लागत नाहीत. रबरी टोपणे डांबरी रस्त्यासाठी आहेत. ओल्या लाकडी पुलावर आणि मातीत ती काढून टाका. विमानात काठ्या हातातल्या सामानात घेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाका.

पाय कुठे ठेवायचा तेही सांगून ठेवतो. रेडवुडची मुळे खोल जात नाहीत, सहसा दोन-चार मीटरच. उलट आडवी तीस मीटरपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतून एकमेकांना धरून ठेवतात. त्यामुळे वाटेवर मुळांच्या पायऱ्याच पायऱ्या असतात. ओल्या मुळावर बूट साबणावरून सरकावा तसा जातो. मुळावर नाही, मुळांच्या मध्ये पाय ठेवा. वळण टाळून मधून शॉर्टकट घेऊ नका. माती दाबली गेली की वरवरची मुळे गुदमरतात, आणि त्या भुसभुशीत पालापाचोळ्याखाली पोकळी असेल तर घोटा मुरगळतो.

आम्ही खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातो ते ओहोटीची वेळ बघूनच. पॅसिफिकवर तोच हिशेब चालेल का? पंचांगावरून तिथी बघून गेले तर? — र. का., सलाटवाडा

भरती-ओहोटी बघायची सवय आहे ही मोठी जमेची बाजू. तत्त्वही तेच, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती अधिक भरते आणि ओहोटी अधिक ओसरते. पण पंचांगावर विसंबू नका. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, त्यामुळे तारीखच सरकते. अमेरिकी सरकारची भरती-ओहोटीची कोष्टके विनामूल्य मिळतात. त्यात क्रेसेंट सिटीचे कोष्टक बघा.

ते कसे वाचायचे? दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, पण त्या किनाऱ्यावर त्या सारख्या नसतात. दोन ओहोट्यांपैकी एक बरीच खोल असते. म्हणून नुसती वेळ बघू नका, उंचीचा आकडाही बघा. आकडे फुटांत असतात आणि शून्य म्हणजे रोजच्या खालच्या ओहोट्यांची सरासरी. उणे आकडा असेल तर पाणी त्याहूनही मागे गेलेले. डॅम्नेशन क्रीकच्या खाली वाळूचा मोकळा किनारा नाही, गोटे आणि खडक आहेत. भरतीला उभे राहायलाही जागा उरत नाही. आकडा दोन फुटांच्या आत असलेली ओहोटी निवडा, तिच्या एक तास आधी खाली पोहोचा आणि ओहोटीनंतर एका तासाच्या आत वाटेला लागा. जूनमध्ये तिथली सर्वांत खोल ओहोटी पहाटे असते, ती आपल्या उपयोगाची नाही. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान येईल असा दिवस शोधा; पाणी थोडे कमी ओसरेल, पण अंधारात उतरावे लागणार नाही.

आता फरकाचे. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरच्या आसपास चढते, पण चिखलावरून, आवाज न करता. पॅसिफिकवर चढउतार त्याच्या पाव भागाएवढाच, मात्र वर लाटा असतात, आणि दहा-पंधरा मिनिटे शांत गेल्यावर एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी वर येते. तिथे दरवर्षी माणसे जातात ती या लाटांनी. त्यामुळे खाली पोहोचल्यावर लगेच पुढे जाऊ नका. कोरड्या जागी १५ मिनिटे उभे राहून पाणी कुठवर येते ते बघा. समुद्राकडे पाठ करून फोटो नको. वाहून आलेल्या ओंडक्यांवर नातवंडांना बसवू नका, लाट आली की टनाचा ओंडकाही गडगडतो. पाणी १० ते १३ अंशांचे असते. पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात.

आणखी एक. १९६४ च्या मार्चमध्ये अलास्कातल्या भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामीने क्रेसेंट सिटीत ११ जण मेले होते. खाली असताना जमीन हादरली तर सूचनेची वाट न बघता वर चढायला लागा.

सॅन फ्रान्सिस्कोहून क्रेसेंट सिटी सहा-सात तास गाडीने. तेवढा वेळ बसणे मला जमणार नाही, आणि चढही फार झेपत नाही. जवळपास काही आहे का? — मा. ग., रावपुरा

आहे, आणि आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथेच जावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टॅमलपायस डोंगरावर पॅनटोल नावाचा थांबा आहे, उंची सुमारे ४६० मीटर. तिथून स्टीप रव्हीनची वाट एका ओढ्याच्या कडेने रेडवुडमधून उतरते, पुढे डिप्सीच्या वाटेला मिळते आणि स्टिन्सन बीचला समुद्रावर पोहोचते. साधारण पाच किलोमीटर. मध्ये धबधब्याशेजारी दहा फुटांची लाकडी शिडी आहे. उतरताना तोंड शिडीकडे ठेवून, तीन आधार कायम ठेवून उतरायचे आणि काठ्या आधी पिशवीला बांधायच्या.

या वाटेचा फायदा असा की वर परत यावेच लागत नाही. मुलाने गाडी स्टिन्सन बीचला आणून ठेवावी, किंवा पॅनटोल आणि स्टिन्सनमध्ये धावणारी ६१ क्रमांकाची बस घ्यावी. बसच्या फेऱ्या थोड्या असतात, त्या दिवसाचे वेळापत्रक बघूनच निघा. ज्यांचे गुडघे दुखतात पण दम चांगला आहे त्यांनी हेच उलटे करावे, समुद्रापासून वर चढावे आणि खाली बसने यावे. शिडीही चढताना सोपी.

वाट निघायच्या आदल्या दिवशी उघडी आहे ना हे उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा. दरड, पूल दुरुस्ती, वणवा यांमुळे वाटा बंद होतात. शेजारचे म्यूर वुड्स हे रेडवुडचे जंगल अगदी सपाट आणि लाकडी फळ्यांवरून चालण्याचे आहे, चालणे कमी असलेल्या आजी-आजोबांसाठी उत्तम. १९०८ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे गाडी लावायला आगाऊ आरक्षण सक्तीचे आहे आणि आत फोन लागत नाही, तेव्हा आरक्षणाची पावती आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

जूनमध्ये इथे ४२ अंश. तिथे सुती पंजाबी ड्रेस पुरेल ना? — शै. भा., वाघोडिया रोड

नाही. फ्रीमाँटला ऊन असले तरी त्याच दिवशी किनाऱ्यावर १२-१५ अंश आणि धुके असते. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, पण धुके फांद्यांवर जमून थेंब थेंब गळत राहते. जंगल कोरडा हंगाम काढते ते त्याच्यावर. सुती कापड भिजले की तासन्‌तास अंगाला गार चिकटते. ड्रेस चालेल, पण कृत्रिम धाग्याचा, अरुंद पायाचा, ओढणीशिवाय. त्यावर फ्लीसचे जाकीट, त्यावर पातळ रेनकोट, कानटोपी. चढताना फ्लीस काढून पिशवीत टाका, घामाने आतून भिजलात तर थांबल्यावर हुडहुडी भरते.

तिथे ‘पॉयझन ओक’ असते म्हणतात. मला आंब्याच्या चिकानेही तोंड येते. कितपत घाबरावे? — ने. पा., अलकापुरी

तुम्ही इतरांपेक्षा जास्त जपा. पॉयझन ओक हे आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले. बिब्बा उततो म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे समजावायला नको. तिथले तेल त्याच जातीचे आहे. आंब्याचा चीक बाधणाऱ्यांना ते बाधण्याचा संभव अधिक.

तीन-तीन पाने, कडा ओकसारख्या गोलसर कातरलेल्या, बऱ्याचदा चकाकणारी, शरद ऋतूत लाल. हिवाळ्यात पाने गळतात, पण काड्यांत तेल असतेच. दाट रेडवुडच्या सावलीत ते कमी; उघड्या, उन्हाच्या कडेला, म्हणजे स्टिन्सनकडच्या खालच्या टप्प्यात, भरपूर. तीन पाने दिसली की सगळेच विषारी नव्हे. जंगलाच्या तळाशी बदामी आकाराच्या तीन पानांचा हिरवा गालिचा असतो तो आपल्या आंबुटीचा भाऊ, निरुपद्रवी. तीन पाने आणि काटे असतील तर ती रानटी ब्लॅकबेरी.

स्पर्श झाला तर पहिल्या दहा-वीस मिनिटांत साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवा. आधी खोबरेल चोळू नका, तेलात ते तेल आणखी पसरते. बुटाच्या नाड्या, काठीच्या मुठी आणि फोनही पुसा. त्यांवर ते महिनोन्‌महिने टिकते. फोड सहसा एक-दोन दिवसांनी येतात. फोडातल्या पाण्याने ते दुसऱ्याला लागत नाही. चेहरा किंवा डोळे सुजले तर थेट डॉक्टरकडे.

गोचिडांबद्दलही दोघांनी विचारले आहे. विजारीचे पाय मोज्यांत खोचा, संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे आणि केसांत तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, चुना काही नको. लाइम रोग तिथे आहे, पण त्यासाठी गोचीड सहसा एक दिवसाहून जास्त चिकटलेली असावी लागते. पुढच्या महिन्याभरात ताप किंवा पसरणारा लाल चट्टा आला, भारतात परतल्यावर आला तरी, डॉक्टरांना गोचिडीचे सांगा.

लीलो चेवडो, ठेपले, सुखडी नेऊ का? त्या दिवशी संकष्टी आली तर? — उ. ना., बाबाजीपुरा

अमेरिकेत उतरताना कोणतेही खाद्य असो, अर्जात किंवा विचारल्यावर ‘आहे’ सांगा. न सांगता सापडले तर दंड. ताजी फळे आणि बी-बियाणे नकोच.

वाटेवर ठेपले आणि सुखडी उत्तम. तासाला एक ठेपला किंवा तीन-चार खजूर, भूक लागायची वाट न बघता. पाणी माणशी दोन लिटर. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसे पिऊ नका. त्यात जिआर्डियासारखे जंतू असू शकतात, एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय नाही.

चेवडा मात्र गाडीतच ठेवा. हे चोखंदळपणाने म्हणत नाही. मार्बल्ड मरलेट नावाचा दुर्मीळ होत चाललेला समुद्रपक्षी जुन्या रेडवुडच्या जाड फांद्यांवर अंडे घालतो, एका वेळी एकच. सांडलेल्या शेव-पोह्यांवर निळे ‘जे’ नावाचे पक्षी आणि डोमकावळे जमतात, जागा ओळखून ठेवतात आणि मग वरची अंडी खातात. एक कणही मागे सोडू नये असा तिथल्या उद्यानांचा आग्रह आहे, आणि चेवड्याचा कण वेचणे कोणाच्या बापाला जमत नाही.

संकष्टीला हा चढ कोरड्या उपासाने नको. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर एवढ्यावर दिवस निभावतो. साबुदाणा वडा चढावर जड पडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर त्या दिवशी उपास करूच नका.

जगातले सर्वांत उंच झाड तिथेच आहे ना? ते दाखवतात का? शंकूसारखे फळ आठवण म्हणून आणता येईल का? — एक शाळकरी वाचक

आहे. हायपेरियन त्याचे नाव, २००६ मध्ये सापडले, उंची सुमारे ११६ मीटर. दाखवत नाहीत. वाट नसताना लोक तुडवत गेले, मुळांवरची माती दबली, कचरा झाला, म्हणून २०२२ पासून त्या भागात जायला बंदी आहे. दंड ५००० डॉलरपर्यंत आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. खालून बघितले तर शेंडा दिसतही नाही. एवढ्या झाडाचे फळ जेमतेम एक इंचाचे असते, पण ते उचलून आणायला मनाई आहे. फोटो काढ, शेजारी नाणे ठेवून.

फोन लागत नाही तर काही झाल्यास करायचे काय? — अनेक वाचक

वर उरलेल्या माणसाला किंवा घरी एका कागदावर लिहून द्या : कोणती वाट, किती जण, गाडीचा क्रमांक, किती वाजेपर्यंत परत, आणि त्यानंतर किती वेळाने ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करायचा. नकाशा फोनमध्ये आधी उतरवा आणि कागदावरचाही घ्या; उंच झाडांखाली फोनवरचा निळा ठिपका वीस-तीस मीटर इकडेतिकडे जातो आणि नागमोडी वाटेवर तेवढ्याने वळण चुकते. शिटी गळ्यात, तीन फुंका म्हणजे मदत हवी. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, पण झाडीत तासभर आधीच अंधारते, म्हणून डोक्याला बांधायचा दिवा प्रत्येकाकडे हवा. जोराचा वारा असेल त्या दिवशी जाऊच नका, वरून फांद्या पडतात. उत्तरेकडे काळी अस्वले आणि पहाडी सिंह आहेत, क्वचित दिसतात; दिसले तर पळायचे नाही, लहान मुलाला उचलून घ्या, मोठ्याने बोलत तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे सरका. एल्क हरणांपासून २५ मीटर लांब राहा, पिलू बरोबर असेल तर त्याहून जास्त.

रेडवुडचे रोप आणून बंगल्याच्या अंगणात लावले तर? — द. सा., कारेलीबाग

जगणार नाही. त्याला वर्षभर गारवा आणि उन्हाळ्यात धुके लागते. बडोद्याची मे महिन्यातली लू त्याची कोवळी पालवी आठवड्यात जाळेल. शिवाय बाहेरून रोप आणायला परवाने आणि तपासणी लागते. उंच सावली हवी असेल तर पावसाच्या सुरुवातीला अर्जुन लावा, भिंतीपासून पाच मीटर सोडून.